थवा उठला तेव्हा

"आता कुणी तोंड उघडायचं नाही," होडीचं इंजिन बंद करत नावाडी म्हणाला. "आवाज झाला की थवा उडंल."

उजनीच्या उथळ पाण्यात गुलाल सांडावा तसे रोहित पक्षी उभे होते. भोवतीच्या होड्यांत माणसं श्वास रोखून बसली होती. ही शांतता केतकीच्या नवऱ्याच्या चांगलीच पथ्यावर पडली. गाडीत तिने आईचा फोन उचलला, म्हणून तो पुण्यापासून धुमसत होता. शालीखाली त्याने तिचं मनगट पकडलं आणि पिरगाळलं.

"हस. सेल्फी काढतोय," तो कुजबुजला.

ती हसली. शेजारी ऐकतील, सासूबाई उठतील, म्हणून लग्नापासून ती हसतच आली होती. मग मनगटातलं हाड कट्कन मोडलं, आणि केतकी बेंबीच्या देठापासून किंचाळली.

अख्खा थवा एकदम उठला. पंखांखालचा लालभडक रंग आभाळभर उघडा पडला. पण वर कुणीच बघत नव्हतं. शाल घसरली होती, सगळ्या होड्यांतले कॅमेरे तिच्या मनगटाकडे वळले होते, आणि नवऱ्याला अजून हात सोडायचं सुचलं नव्हतं.