डावा कौल

"आगं आय गं!" म्हणत साळुबाई जी मटकन खाली बसली ती उठेचना. पायवाटेवरच्या दगडाआडून करवतीसारखी खरखर करत हातभर लांबीचं फुरसं गवतात शिरलं. तिच्या घोट्यावर रक्ताचे दोन ठिपके उमटले होते.

लेकीला भेटून दोघं नवरा-बायको आणे पठारावरून डोंगरवाटेनं घरी निघाली होती. गाव खाली दिसत होतं, पण उतरण अजून अर्ध्या तासाची. हौशीरामनं बायकोला पाठुंगळी घेतलं. साठीला टेकलेला गडी, पण पळाला. धोतराचा काष्टा सुटला तरी थांबला नाही. "मरू नगंस गं, साळे," एवढंच त्याच्या तोंडी. चाळीस वर्षांच्या संसारात तो कधी गोड बोलला नव्हता, आणि आता बोलायचं तर दम कुठं उरला होता!

वेशीत गावातला संपत टोमॅटोचा टेम्पो घेऊन मार्केटला निघालेला. दोघांना बघताच त्यानं धडाधड क्रेट खाली उतरवले.

"मामा, चढा. सरळ दवाखाना गाठू."

"आदी कौल," हौशीराम म्हणाला.

गावची रीतच तशी होती. साप चावला की आधी भैरोबा. पुजारी देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर विष देवच उतरवणार. मग अंगारा लावून, लिंबाचा पाला खाऊन देवळातच बसायचं. डावी पडली तरच दवाखाना. हौशीरामचा बाप उजव्या कौलावर असाच बसून वाचला होता. आता बापाला चावली होती ती बिनविषारी धामण, हे सांगायचं कुणी?

गाभाऱ्यात एकट्या पुजाऱ्यानंच जायचं. म्हाताऱ्या कुशाबानं साळुबाईकडं निरखून पाहिलं. तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. तो आत गेला.

"उजवा दे रं देवा, उजवा दे," हौशीराम उंबऱ्यावर कपाळ आपटत होता.

कुशाबा बाहेर आला तो ओरडतच. "डावा! उचला तिला! नारळबिरळ ऱ्हाऊ द्या, पळा!"

देवानंच हात वर केले म्हटल्यावर हौशीरामचं काळीज फाटलं. रडत रडतच तो टेम्पोत चढला.

दवाखान्यात इंजेक्शनांवर इंजेक्शनं झाली. "तासभर उशीर झाला असता, तर हाती काही लागलं नसतं," डॉक्टर म्हणाले. दहाव्या दिवशी साळुबाई आपल्या पायांनी घरी आली आणि आल्या आल्या नवऱ्यावर कडाडली, "मला पाठुंगळी घिऊन गावभर मिरवलं, लाज नाय वाटली?" हौशीरामला ते बोलणं साखरेहून गोड लागलं.

तसाच उठून तो नारळ घेऊन देवळात गेला. उंबऱ्यापाशी त्यानं लोटांगण घातलं. डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. "देवा, लई उपकार झालं तुझं! मी येडा उजवा मागत व्हतो. तू डावा दिलास, माझी साळी राखलीस."

कुशाबा पायरीवर बसून होता. त्यानं हळूच हौशीरामच्या खांद्यावर हात ठेवला.

"हौशा, देवापुढं वाकलाच हाईस, तर माझ्यासाठी माफी बी मागून घे. कौल उजवाच पडला व्हता."