पंपांबद्दल एकही प्रश्न नाही

“पंपांचं राहू द्या हो,” खातेप्रमुख विश्वेश्वररावांनी फणींद्रची फाइल न उघडताच बाजूला सारली. “स्वयंपाक येतो का?”

फणींद्रला वाटलं, आपण चुकीच्या खोलीत शिरलो. पण दारावर पाटी बरोबर होती, टेबलावर यादी होती आणि यादीत तिसरं नाव त्याचंच होतं.

“डाळीचा पप्पू आणि भात येतो सर. चिंचेचं चारू येतं. भाजी जमेल तशी.”

“जमेल तशी म्हणजे?”

“कधी जमते, कधी शेजारी मागायला जावं लागतं.”

विशाखापट्टणममधल्या त्या अवाढव्य औषध कंपनीत शिरण्यासाठी फणींद्रने महिनाभर जीव तोडून तयारी केली होती. पंपांवरची दोन जाडजूड पुस्तकं त्याने जवळजवळ तोंडपाठ केली होती. सध्या तो बारा माणसांच्या एका वर्कशॉपात होता. कामात वाघ होता, पण त्याचं जिच्यावर प्रेम होतं त्या हारिकाच्या वडिलांना वाघाशी देणंघेणं नव्हतं. “मोठ्या कंपनीत लाग, मग तोंड दाखव,” असं त्यांनी हारिकाकरवी बजावलं होतं. तिच्या घरातल्या कुणीही अजून त्याला पाहिलेलं नव्हतं. नोकरी मिळाली तर लग्न, नाहीतर काकिनाड्याचा एक डॉक्टर तयारच बसला होता. “याच कंपनीत अर्ज कर,” असं हारिकाने हट्टाने सांगितलं, आणि ती हट्टाला पेटली की फणींद्र वाद घालत नसे.

विश्वेश्वररावांच्या शेजारी बसलेल्या पद्मजा मॅडम प्रश्नांचा कागद घेऊन कधीच्या तयार होत्या. त्यांनी संधी साधली. “सर, व्हॉल्व्हच्या गळतीबद्दल एक विचारू?”

“विचारू की. आधी तुम्ही जेवून या.”

“सर, साडेबाराच वाजलेत.”

“मग गर्दी नसेल. या जाऊन.”

मॅडम गेल्या. त्यांच्याबरोबर व्हॉल्व्हही गेले. फणींद्रला हळहळ वाटली, कारण व्हॉल्व्ह त्याला फारच छान येत होते.

“राग येतो का लवकर?” विश्वेश्वररावांनी विचारलं.

“येतो सर. पण टिकत नाही. भूक लागली की जातो.”

“असं समजा, एकाच ठिकाणी दोन बायका आहेत. एक जुनी, सगळं तिच्या हातात. एक नवी, हुशार, स्वतःचं डोकं चालवणारी. दोघी तुम्हाला उलटसुलट हुकूम सोडतात. कुणाचं ऐकाल?”

मोठ्या कंपन्यांत असले आडवळणाचे प्रश्न असतात, हे फणींद्रने ऐकलं होतं. त्याने थोडा विचार केला.

“जुनीचा मान राखीन आणि नवीचं काम करीन. आणि दोघींना एकमेकींसमोर काही विचारणार नाही.”

विश्वेश्वरराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. फणींद्रने पटकन पाण्याचा ग्लास पुढे केला. ते प्यायले, डोळे पुसले आणि टेबलाखालून डबा काढला.

“तुम्ही जेवला नसालच. घ्या, आवकाय आहे.”

मुलाखतीत लोणचं-भात! पण नाही म्हणायची हिंमत कुणाला? फणींद्रने आधी त्यांना वाढलं, मग स्वतः घेतलं.

“कसं झालंय? खरं सांगा.”

“मोहरी मस्त लागलीय सर. मीठ मात्र जरा जास्त पडलंय.”

बोलून गेला आणि जीभ चावली. साहेबांच्या घरचं लोणचं, त्याला नावं ठेवायची? तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

“हां अक्का, बोल. हो, इथेच आहे... चाललंय, चाललंय. बरं, तुझ्या आवकायात मीठ जास्त झालंय. मी नाही गं म्हणत, दुसरंच माणूस म्हणतंय!”

फणींद्रने कपाळाला हात लावायचाच बाकी ठेवला. साहेबांची थोरली बहीणही आता आपल्यावर उखडणार. विश्वेश्वररावांनी फोन ठेवला, हात धुतले आणि पहिल्यांदाच साहेबासारखे ताठ बसले.

“हे पाहा, ही नोकरी तुम्हाला मिळणार नाही.”

महिनाभराचे कष्ट लोणच्यात गेले.

“सर, एकदा पंपांबद्दल विचारून तर बघा! एकच प्रश्न. या नोकरीवर माझं फार काही अडलंय.”

“काय अडलंय?”

लपवण्यात आता अर्थ नव्हता. “एक मुलगी आहे सर. तिच्या वडिलांना मोठी कंपनी हवीय.”

“आणि नोकरी नाही मिळाली तर?”

“दुसरीकडे अर्ज करीन. तिथे नाही, तर तिसरीकडे. पण आज संध्याकाळी तिला काय झालं ते खरंखरं सांगेन, लोणच्यासकट.”

विश्वेश्वररावांनी डब्याचं झाकण लावलं.

“तुमच्यात खोट काही नाही, बाबू. कंपनीचा नियम आहे. अधिकाऱ्याच्या नात्यातला माणूस त्याच्या खात्यात घेता येत नाही.”

“पण सर, माझ्या नात्यातलं इथे कुणीच नाही!”

“आजपर्यंत नव्हतं,” विश्वेश्वरराव उठून त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. “रविवारी आईला घेऊन घरी ये. हारिकाच्या वडिलांची समजूत मी काढतो. आपल्या रीतीप्रमाणे मामा म्हणून भाचीला टोपलीत बसवून मांडवात आणायचं तर मलाच आहे ना!”