पुसलेली सवय

गुप्त पाठलागाच्या परीक्षेत रेणुका दोनदा नापास झाली होती, तीही एकाच सवयीमुळे. गर्दीत कुणाला पाय लागला की तिचा हात आपसूक त्या माणसाला स्पर्श करून स्वतःच्या छातीशी जाई.

"अगं, हेर आहेस की देवदर्शनाला निघालीस?" प्रशिक्षक हुद्दार मॅडम चिडवायच्या. "तुझा हातच तुला पकडून देईल एक दिवस."

म्हणून गेल्या आठवड्यात हेर-प्रबोधिनीतल्या सवयी पुसणाऱ्या यंत्राखाली डोकं देऊन तिने ती सवय पुसून घेतली होती.

आजची संधी शेवटची होती. सीताबर्डीच्या भर बाजारात करड्या सदऱ्यातल्या एका माणसाचा माग काढताना, बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या नडगीवर तिचा बूट जोरात आदळला. तिचा हात हलला नाही.

"रेणू!" मागून हाक आली. तिने वळून पाहिलं नाही.

चौकात मॅडमनी तिची पाठ थोपटली. "पास! तुझ्या बाबांना मुद्दाम बसवलं होतं त्या बाकावर. या हाकेला भलेभले वळतात. मन फार घट्ट करावं लागलं असेल, नाही?"

रेणुकाला काहीच घट्ट करावं लागलं नव्हतं.

"मॅडम, सवय एकच पुसली ना?"

मॅडम निकालाच्या कागदावर सही करत राहिल्या.

गर्दीतून बाबा येत होते. "तुला लागलं नाही ना गं, बाळा?" त्यांनी लांबूनच विचारलं.

रेणुकाने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मनात नोंद केली: पांढरा सदरा, उजवा पाय लंगडतो, पाठलागाला सोपा.