उतरला का तो?

"उतरला का तो?"

प्रभाकररावांनी हे विचारलं तेव्हा कुवेतमधल्या रिग्गईच्या फ्लॅटमध्ये दुपारचे साडेतीन वाजले होते. चित्राने फोन पाहिला.

"उतरला हो, बाबा. आत्ताच मेसेज आलाय. तासाभरात वर येईल."

"बरं." ते भिंतीकडे तोंड करून पडले.

तिथे कॅरिबियन समुद्रात, बोनेर बेटावर, सकाळचे साडेआठ वाजले होते. कुवेतहून आठ डायव्हर सुट्टी काढून गेले होते आणि रोज याच वेळी बोटीवरून पाण्यात उड्या टाकत होते. चित्राचा नवरा उल्हास त्यातला एक. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर आणि शुक्रवार उजाडला की समुद्राच्या तळाशी.

दुसऱ्या दिवशीही साडेतीनला तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही. चित्राला सासऱ्यांची कीव यायची. ऐंशीचं वय, एकुलता एक मुलगा, तोही जगाच्या त्या टोकाला पाण्याखाली. जीव टांगणीला लागणारच.

खरं तर बापलेकांचं या विषयावर कधी जमलंच नाही. उल्हास कौतुकाने माशांचे व्हिडिओ दाखवायचा आणि प्रभाकरराव चष्मा काढून ठेवायचे. उल्हासचं डायव्हिंगचं जाडजूड पुस्तक त्यांनी उशाशी ठेवलं होतं, पण त्यावर बीपीचं मशीन असायचं. चिपळूणच्या छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस. औषधाच्या डबीवरचा कागदसुद्धा पेन्सिल घेतल्याशिवाय वाचायचा नाही. पण मुलाच्या छंदाला त्याच्या लेखी किंमत एवढीच.

ही सहल याआधी दोनदा हुकली होती. पहिल्यांदा बाबांच्या छातीत दुखलं म्हणून उल्हास विमानतळावरून परत आला. दुसऱ्यांदा आदल्या रात्री तसंच झालं आणि तिकिटं रद्द केली. दोन्ही वेळा जाब्रियाच्या हॉस्पिटलने पूर्ण तपासण्या करून दुसऱ्या दिवशी निदान सांगितलं, गॅस. उल्हास एका शब्दाने बोलला नाही. प्रभाकररावच आठवडाभर खाली मान घालून जेवत होते.

या वेळी निघताना उल्हास पाया पडला, तर बाबांनी एवढंच विचारलं, "रोज उतरणार का पाण्यात, की मध्ये सुट्टी?"

"रोज, बाबा."

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी अर्धा चहा तसाच टाकला. कपाळावर घाम होता.

"बरं वाटत नाहीये का? डॉक्टरकडे जाऊ या."

"पित्त झालंय. दुपारी बघू."

जेवले नाहीत. घड्याळाकडे बघत खुर्चीत बसून राहिले. साडेतीन वाजले.

"उतरला का तो?"

"उतरला, बाबा."

"नक्की? दाखव मेसेज." त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचला. मग म्हणाले, "आता गाडी काढ. छातीत जरा दुखतंय."

हार्ट अटॅक होता. "हे सकाळपासून चालू असणार," डॉक्टर म्हणाले. "इतका उशीर कसा केलात?" मुलाच्या काळजीत म्हाताऱ्याला स्वतःचं भान राहिलं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

पाचच्या सुमाराला उल्हासचा फोन लागला. "मी निघालो," तो म्हणाला. पण लगेच फोन बदरुद्दीनने घेतला. बदरुद्दीन मूळचा रत्नागिरीचा आणि या ग्रुपचा म्होरक्या.

"वहिनी, आज त्याला विमानात बसवता येत नाय. पाच दिवस खाली जातोय, अंगात नायट्रोजन साठलाय. वर हवेत गेला तर त्याच्याच जिवाचं काय होईल सांगता येत नाय. चोवीस तास थांबायलाच लागतं. उद्या मी स्वतः त्याला विमानतळावर सोडतो."

मागून उल्हासचा आवाज येत होता. तो भांडत होता, मग रडायला लागला.

चित्राने आयसीयूमध्ये जाऊन सांगितलं, "बाबा, तो उद्या निघतोय."

"उद्या ना? मग ठीक." त्यांनी तिचा हात थोपटला. "मला उद्या दुपारपर्यंत सोडतील ना घरी?"

हेच त्यांनी नर्सलाही दोनदा विचारलं. हॉस्पिटलची भीती, दुसरं काय, असं चित्राला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. उल्हास तेव्हा ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत बाकड्यावर बसला होता.

दिवस चिपळूणला केले. परत आल्यावर उल्हास बाबांच्या खोलीत जाईना. दारात उभा राहूनच तो बोलला.

"एका दिवसाने चुकलो गं. मी उतरायच्या आधी फोन केला असतास तर?"

"त्यांनी मला साडेतीनला सांगितलं रे. त्याआधी पित्तच म्हणत होते."

"मी गेलो ते त्यांना आवडलं नव्हतं. मनात राग ठेवूनच गेले ते." त्याने उशाकडे बोट दाखवलं. "ते पुस्तक बदरूभाईला देऊन टाक. मी आता पाण्यात पाऊल टाकणार नाही."

तो निघून गेला. चित्रा त्या रिकाम्या पलंगावर बसली. तिला स्वतःचाच राग येत होता. सकाळीच गाडीत घालून नेलं असतं तर, हा विचार पंधरा दिवस तिला झोपू देत नव्हता.

शेवटी तिने बीपीचं मशीन उचललं. खालचं पुस्तक पुसायला हातात घेतलं आणि ते आपोआप एका पानावर उघडलं. पानाच्या मधोमध पेन्सिलचा तुकडा होता. डायव्हिंगनंतर चोवीस तास विमानप्रवास करू नये, या इंग्रजी वाक्याखाली पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ होती. समासात मुद्रितं तपासणाऱ्याचं बारीक, नेटकं अक्षर होतं:

"म्हणजे पुन्हा दुखलंच, तर तो पाण्यात उतरेपर्यंत बोलायचं नाही. मग चोवीस तास त्याला निघता येत नाही. तेवढ्यात आपण गॅसचं औषध घेऊन घरी."