कानामागचा माणूस

माणसं लक्षात ठेवणं हाच लोकप्रतिनिधीचा धर्म, असं मंत्रिमहोदय गेल्या चार निवडणुका सांगत आले होते. तो धर्म पाळायला त्यांनी एक स्वीय सहायक ठेवला होता. समोर येणाऱ्याचं नाव आणि काम तो मागून कानात सांगायचा. मग साहेब त्या माणसाचे दोन्ही हात हातात घेऊन नावानिशी विचारपूस करायचे आणि समोरचा गहिवरून जायचा.

त्या दिवशी बंगल्यावर भेटायला आलेल्यांची रांग होती आणि सहायक नेमका फोन घ्यायला बाहेर गेला. एक म्हातारी पुढे आली.

"दादाचं आता काही खरं नाही. सारखी तुझी आठवण काढतो."

साहेबांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आजी, काळजी करू नका. तुमच्या दादांकडे मी जातीनं लक्ष घालतो. यांचा नंबर घ्या रे कुणीतरी."

सहायक धावत आला आणि कानाशी वाकला. "साहेब, अक्का. तुमच्या थोरल्या बहीण."

साहेबांना मान वर करवेना. "अक्का, अगं, या गर्दीत... मी उद्याच येतो दादाकडे."

"ये की," अक्का हात सोडवून घेत म्हणाली. "पण याला घेऊन ये. दादा फार वाळलाय. तुला ओळखू यायचा नाही."

सहायकाला न्यायचं नाही, असं साहेबांनी मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी ते दादाच्या दारात उतरले, तेव्हा सहायक मागेच उभा होता.