वाळूतली काठी

"घरटं इथेच कुठेतरी आहे, पण वाऱ्याने माग पुसलाय," श्रीलंकेतल्या त्या कासव अभयारण्याचा रखवालदार म्हणाला आणि सहलीला आलेल्या धाकूतात्यांना त्यांच्या मुलाने ते मराठीत सांगितलं. दुपारची भरती इथवर येणार होती. त्याआधी अंडी वरच्या वाळूत हलवली नाहीत, तर सगळी कुजणार होती. बिचारा रखवालदार हाताला येईल तिथे उकरत होता.

तात्यांना राहवेना. त्यांनी पडलेली एक काठी उचलली आणि वाळूत हलकेच टोचत पुढे सरकले. कडक. इथंही कडक. मग काठी लोण्यात शिरावी तशी आत गेली.

"हितं उकर."

हातभर खाली पांढरीशुभ्र अंडी लागली. रखवालदाराने ती अलगद बादलीत काढली. सुनेने टाळ्या वाजवल्या. आठ वर्षांच्या नातीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला कसं कळलं?"

साठ वर्षांत तात्यांनी ही गोष्ट घरात कधी काढली नव्हती. काहीतरी थाप मारावी, असं क्षणभर वाटलंही.

"बाय माझे, आमच्या रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर अशीच अंडी काढायचो आम्ही. खायला. एकसुद्धा मागे ठेवत नव्हतो."

नात बादलीतल्या अंड्यांकडे बघत राहिली. मग तिने रखवालदाराची बाही ओढून तात्यांकडे बोट दाखवलं. तो हसला आणि त्याने बादली तात्यांपुढे ठेवली.

तात्या वरच्या वाळूत खणलेल्या नव्या खड्ड्याशी गुडघे टेकून बसले. आतल्या जिवाला धक्का लागू नये म्हणून पहिलं अंडं त्यांनी जराही न फिरवता तळाशी ठेवलं.

"सगळी ठेवा हं आजोबा," नात शेजारी बसत म्हणाली, "एकसुद्धा मागे नको."