ओढा यायची वेळ

उम्म हिलालने शाळेची बस ओढ्याच्या काठावर थांबवली आणि इंजिन बंद केलं. समोर ओढा कोरडा ठणठणीत होता. शंभरेक पावलं रुंद, नुसते पांढरे गोटे, आणि पलीकडे पुन्हा सुरू झालेला डांबरी रस्ता.

"काय झालं?" नश्वाने विचारलं.

नश्वा इजिप्तची. ओमानच्या या डोंगरातल्या शाळेत गणित शिकवायला येऊन तिला चार महिने झाले होते. मागच्या बाकांवर तिच्या बारावीच्या नऊ मुली होत्या. दहा वाजता पलीकडच्या गावात त्यांचा वार्षिक परीक्षेचा पेपर होता, आणि आता सव्वानऊ झाले होते.

"ओढा येतोय," उम्म हिलाल म्हणाली.

नश्वाने काचेतून वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं. "कुठून येतोय?"

"वरून. डोंगरात पाऊस पडलाय कुठेतरी." उम्म हिलालने खिडकीची काच खाली केली. "वारा बघा कसा गार लागतोय. आणि शेळ्या बघा कुठे जाऊन बसल्यात."

शेळ्या कड्याच्या पार वरच्या कपारीत बसल्या होत्या. शेळ्यांनी कुठे बसायचं असतं, हे नश्वाला ठाऊक नव्हतं.

"उम्म हिलाल, पेपर बुडाला तर नऊ जणींचं वर्ष जाईल. पार व्हायला एक मिनिट पुरे."

"एकच मिनिट लागतं," उम्म हिलाल म्हणाली. "माझ्या दिरालाही तेवढंच लागलं होतं."

नश्वा घड्याळाकडे बघून म्हणाली, "मी तक्रार करीन तुमची."

"करा की. कागद आहे का, की मी देऊ?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. नश्वा उठून उभी राहिली. "चला गं, उतरा. पायी जाऊ. पलीकडे एखादी गाडी मिळेल."

एकही मुलगी हलली नाही. पुढच्या बाकावरची बुसैना खाली मान घालून म्हणाली, "बाई, तुम्ही सांगाल ते ऐकू. एवढं सोडून."

तेव्हा नश्वा एकटीच उतरली. आपण पलीकडे जाऊन उभं राहिलो की या आपोआप येतील, असं तिला वाटलं. गोट्यांवरून तोल सावरत ती चालू लागली. मागून उम्म हिलालने हाक मारली, "बाई, मागे फिरा." नश्वाने नुसता हात हलवला.

निम्म्यात तिची चप्पल दोन दगडांत अडकली. ती ओढायला वाकली, तेव्हा तिला जाणवलं की दगड हलतोय. अगदी बारीक. हात ठेवला तर तळव्याला मुंग्या याव्यात तसा. मग मागून बसचा हॉर्न सुरू झाला आणि थांबेचना.

नश्वाने चप्पल तिथेच सोडली आणि मागे धावत सुटली. एका पायाला दगड टोचत होते. काठाशी ती घसरली. उम्म हिलाल बसमधून धावत येऊन काठावरून कमरेत वाकली होती. तिने नश्वाचं मनगट धरलं आणि पोतं ओढावं तसं तिला वर घेतलं.

आधी आली ती पाण्याची एक पातळ जीभ. तपकिरी, फेसाळ, पुढ्यात काटक्या आणि लेंड्या ढकलत, चटई उलगडावी तशी सावकाश. एवढंच ना, असं नश्वाला वाटलं. तेवढ्यात वळणावरून बाकीचा ओढा आला.

तो वाहत नव्हता, चालून येत होता. माणसाच्या दुप्पट उंचीचा, चिखलाच्या रंगाचा. त्यात मुळासकट एक खजुराचं झाड होतं, उभंच्या उभं, झावळ्या वाऱ्यावर हलत असलेलं. पाण्याच्या पोटात दगडांवर दगड आपटत होते, आणि काठ पायाखाली थरथरत होता. जिथे चप्पल होती तिथून झाड गेलं. काठोकाठ भरायला ओढ्याला एवढाही वेळ लागला नाही की नश्वाचा श्वास जाग्यावर यावा.

मुली बसमधून उतरून ओळीने उभ्या राहिल्या. सगळ्यांनी हे आधी पाहिलेलं होतं, तरी सगळ्या तोंडाचा आ करून बघत होत्या.

बऱ्याच वेळाने नश्वाने परीक्षा केंद्राला फोन लावला. फोनवरच्या बाईंनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. तिकडचे दोन ओढेही आले होते, प्रश्नपत्रिका घेऊन निघालेली गाडीच अडकली होती. पेपर पुढच्या आठवड्यात.

"असं होतं, तर मला आधी सांगायचं ना," नश्वा उम्म हिलालला म्हणाली.

"ओढा येतोय हे सांगितलं. आणखी काय सांगायचं?" उम्म हिलालने बसमधून थर्मास आणि खजूर आणले आणि पहिला पेला नश्वाच्या हातात दिला. "प्या. आता संध्याकाळपर्यंत इथेच. ओढा आला की कामाला सुट्टी."

सगळ्या काठावर बसल्या. पाणी खाली गरगरत होतं. बुसैनाने विचारलं, "बाई, तुमच्याकडे नाईल अशीच येते?"

"नाईल येत नाही," नश्वा म्हणाली. "ती असतेच."

"म्हणजे?"

"म्हणजे कायम. रोज. आमच्या गच्चीवरून दिसते."

उम्म हिलालचा कॉफी ओतणारा हात थांबला. "उन्हाळ्यातसुद्धा?"

"उन्हाळ्यातसुद्धा."

"पाऊस नसला तरी?"

"नसला तरी."

उम्म हिलालने थर्मास खाली ठेवला. समोरच्या पाण्याकडे पाहिलं, मग नश्वाकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मग तुम्ही लोक कामाला कधी जाता?"